चित्रातल्या बाईचे डोळे

"उघडले! उघडले!" हॉल दणाणला आणि त्यात सगळ्यांच्या वरचा आवाज माझ्या आईचा होता. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. मी शाळेत विज्ञान शिकवते.

समोर लाकडी पार्टिशनवर एका बाईचं छापील चित्र होतं. निळा-करडा चेहरा, झोपलाय, रडतोय की हसतोय, काही कळत नसे. नेत्रबाबा पुढचा पडदा ओढत, सगळ्यांना जप करायला लावत आणि पडदा सरला की बाईचे मिटलेले डोळे टक्क उघडे!

"हा रंग नाही, ही स्पंदनं आहेत!" बाबा गरजत. "हिचे उघडले, तुमचेही उघडतील. पण औषधाचा एक थेंब डोळ्यात गेला, की स्पंदनं रुसतात!"

स्पंदनांचा स्वभाव नव्या जावयासारखा होता.

आईला काचबिंदू. तिने थेंब बंद केले. "मला आता स्वच्छ दिसतं," म्हणायची आणि चहा कपाबाहेर ओतायची. मी चिडायचे, ती सांडलेला चहा पुसायला लागायची.

शेवटी मी तिच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. बघते तर त्यांच्या भिंतीवर तीच बाई, डोळे उघडे!

"हे तुमच्याकडेही?"

"का नसावं? पंचवीस प्रती आहेत याच्या," त्या म्हणाल्या. "जाळीतून एकेक रंग दाबून छापतात. शेवटचा रंग डोळ्यांचा. तो चित्रकर्तीने काही प्रतींवर दिलाच नाही. बाई जागी की झोपलेली, ते बघणाऱ्याने ठरवावं म्हणून. खाली पेन्सिलीने प्रत्येक प्रतीचा नंबर असतो." मग म्हणाल्या, "आईला लवकर आणा. गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली राखता येते."

पुढच्या सभेला मी आईला घेऊन पहिल्या रांगेत बसले. पडदा ओढण्याआधी नंबर होता सात. सरल्यावर अठरा.

"बाबा, डोळे उघडताना नंबर कसा बदलला?"

"आकडेही तिचीच लीला, बेटी."

"मग सात नंबर गेला कुठे?" मी उठले आणि चित्राची फळी ढकलली. ती मधल्या खिळीवर गर्रकन फिरली. मागच्या बाजूला सात नंबरची बाई डोळे मिटून निवांत होती.

बाबा "स्पंदनं, स्पंदनं" करत मागच्या दाराने सटकले. त्यांना धरायलाही कोणी उठलं नाही. जो तो आपल्या चपलांकडे बघत होता.

आईने चाचपून माझा हात धरला. "आता कुठली बाई आहे गं?"

"म्हणजे?"

"मला दोन्ही दिसत नाहीत. नुसतं निळं धुकं."

"मग 'उघडले' म्हणून ओरडायचीस कशाला?"

"सगळे ओरडायचे. वाटलं, माझ्याच श्रद्धेत खोट आहे. आणि घरी तुला सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, बघ, मी सांगत नव्हते?"

अगदी तसंच म्हणाले असते. लाजेने माझी मान वर होईना. फसवलं बाबांनी, पण घरात खरं बोलायची सोय मी ठेवली नव्हती.

थेंब पुन्हा सुरू झालेत. म्हणून सांगते, चमत्कार दिसला की फळी फिरवून बघा. आणि आपलं माणूस त्याला भुललं, तर हसण्याआधी शेजारी बसून विचारा, तुला नेमकं काय दिसतंय? "मला दिसत नाही" हे साधं वाक्य त्या हॉलमध्ये कोणी आधी बोललं असतं, मी घरी आधी विचारलं असतं, तर आईची थोडी अधिक नजर वाचली असती.