नोकरीचं भविष्य सांगणारं यंत्र

लाखनीच्या मंगल कार्यालयात चपला ठेवायलाही जागा उरली नव्हती. मंचावर चौरंग, चौरंगावर हळदकुंकू माखलेला लॅपटॉप, त्याला झेंडूचा हार आणि शेजारी कोट घातलेले ईश्वरानंद महाराज. लॅपटॉप बोलत होता. समोर येईल त्याचं गाव, बापाचं नाव, कोणत्या परीक्षेत नापास झाला, सगळं सांगत होता. पदवीधर पोरं त्याला हात जोडत होती.

"हे ज्ञानयंत्र आहे, भक्तहो," ईश्वरानंद माइकवर सांगत होते. "जगाची सारी माहिती आकाशातून यात उतरते. एआय टेबलखुर्चीच्या नोकऱ्या गिळणार आहे. कोणाची वाचणार, ते फक्त यंत्राला ठाऊक."

भीती यांनीच घालायची आणि उताराही यांनीच द्यायचा.

मी दिघोरीच्या शाळेत विज्ञान शिकवतो. शेजारचे यादोराव लेकीला इथे घेऊन निघाले, म्हणून मीही आलो. डिंपल त्यांच्या घरातली खुर्चीवर बसून काम करणारी पहिलीच. भंडाऱ्याच्या एका ऑफिसात ती संगणकावर बिलं भरायची. तिथे एआय आलं आणि तिच्यासकट सगळ्यांना घरी बसवलं. तिला आता पुढे शिकायचं होतं. यादोरावांचं ठरलं होतं, यंत्र हो म्हणालं तर शिक्षण, नाहीतर लग्न.

"पोरीले विचारा ना. यंत्राले कायले विचारता?" मी म्हणालो.

"गुरुजी, तुमी सांगतलं तसंच ती शिकली. काय झालं? मले आता काहीच समजत नाई."



यादोराव नारळ घ्यायला गेले. रांगेत एक सेविका चहा वाटत होती आणि प्रत्येकाजवळ थांबून विचारत होती, "कोन्या गावचे जी तुमी?" आमच्याकडे एवढं विचारलं की माणूस तीन पिढ्या सांगून मोकळा होतो. तिच्या गळ्यात मोबाइल लटकत होता आणि त्यावर कोणाचा तरी फोन चालू होता. मी डिंपलच्या कानाशी लागलो.

सेविका आली. "घरी कोन कोन हाय, बाई?"

"आजी होती. मागच्या साली बोडीच्या पाण्यात बुडून गेली," डिंपल म्हणाली आणि डोळेही पुसले.

थोड्या वेळानं बापलेक मंचावर गेले. यंत्र बोललं, "डिंपल, दिघोरी. तुझी आजी बोडीत बुडाली. तिचा आत्मा अडून बसला आहे. तुझ्या भाग्यात नोकरी नाही. लवकर विवाह करावा."

सगळं कार्यालय हळहळलं. तेवढ्यात दाराजवळ गुडघे चोळत बसलेल्या कुंताबाई उठल्या. ह्याच डिंपलच्या आजी, आमच्यासोबतच आलेल्या.

"मी तं इथंच बसून राहिली, बापू. बुडली कोन?"

मी मंचावर चढून मागचा पडदा ओढला. कानाला हेडफोन लावलेला एक तरुण टाइप करत बसला होता. सेविकेच्या फोनवरून ऐकायचं, दोन ओळी लिहायच्या, त्यांचं भारदस्त मराठी एआय करी आणि लॅपटॉप ते वाचून दाखवी. एवढंच ते आकाश.

"विनोद, तू?" डिंपल म्हणाली. ऑफिसात तो तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा.

"दुसरं काम कोनी दिलं?" त्यानं मान खाली घातली. "आपल्या जागेवर जे बसलं, तेच इथं चालवून राहिलो."

यादोरावांनी विचारलं, "पोरीचं पुढं काय होईन, ते याले ठाऊक हाय का?"

"नाई, काका. पोरगी आली की लग्नाचंच लिहाचं, असं मले सांगून ठेवलं हाय."

यादोरावांनी चौरंगावर ठेवलेला नारळ परत उचलला. ईश्वरानंद तोवर मागच्या दारानं पसार झाले होते.

"चाल, बाई. कॉलेजात जाऊन पाहू. नोकरी भेटन का मंग?"

"मालूम नाई, बाबा."

"बरं. चाल."

नोकऱ्या जात आहेत, हे खोटं नाही. म्हणून शिका, चौकशी करा, घरी बसवणाऱ्या ऑफिसांना जाब विचारा. पण ज्या यंत्राला समोर बसलेली म्हातारी दिसत नाही, त्याला आपल्या लेकीचं भविष्य विचारू नका.