डॉक्टर विल्येनांचा तलाव

डॉक्टर विल्येना पहिल्यांदा माझ्या कॅफेत आले तेव्हा बसण्याआधी त्यांनी खिशातला रुमाल काढून खुर्ची पुसली. ती मी सकाळीच पुसली होती.

डॉक्टर म्हणजे औषधपाणी करणारे नव्हेत. लिस्बनला मोठमोठ्या कंपन्यांना ते सल्ला द्यायचे, माणसं कामावरून कशी काढावीत याचा. पण पदवी घेतलेल्या प्रत्येकाला आमच्याकडे डॉक्टर म्हणतात, आणि त्यांनाही ते गोड लागायचं.

"एर्मिनियाबाई, मला शहराचा वीट आलाय," ते म्हणाले. "मला शांतता हवी. खरी माणसं हवीत."

खरी माणसं म्हणजे उर्झेदा गावातली आम्ही. दोनशे-सव्वादोनशे म्हातारी, पंधरवड्यातून एकदा येऊन घाईघाईत प्रार्थना उरकणारा पाद्री, आणि माझा चुलतभाऊ आल्बानो.

आल्बानोबद्दल काय सांगू! काकांनी त्याच्यासाठी दगडी घर ठेवलं, घरामागे ऑलिव्हची बाग ठेवली. अकरा वर्षांत या पठ्ठ्याने एक ऑलिव्ह तोडलं नाही. झाडं जगली ती देओलिंदामावशीमुळे. मावशी शहात्तर वर्षांची, विधवा. तिचा कोबीचा मळा बागेला लागून. विहीर मात्र बागेत. काकांशी तिचा तोंडी करार होता: पाणी तू घे, झाडं तू छाट. काका गेले तरी तिने छाटणी चुकवली नाही.

डॉक्टरांनी घर बघितलं, बाग बघितली आणि वेड्यासारखे फोटो काढत सुटले. कोनाड्यातल्या गंजलेल्या कोयत्याचासुद्धा फोटो काढला. आल्बानोने जी किंमत सांगितली ती मला हसू आवरून सांगता आली नसती. डॉक्टर मात्र लगेच हो म्हणाले.

घराचा आणि बागेचा कागद वेगवेगळा झाला. घर सरळ व्यवहाराने गेलं. बागेचे अठरा हजार युरो ठरले, पण कागदावर लिहिले चार हजार. कर वाचवायचा होता, दोघांनाही. अठरा हजारांचे आकडे माझ्याच कॅफेतल्या मेजावर ठरले होते.

सह्या झाल्या त्या संध्याकाळी मी आल्बानोला विचारलं, "आल्बान्या, मावशीला पत्र पाठवलंस का रे?"

"कसलं पत्र?"

"सोंग नको करूस. शेतजमीन विकायची तर शेजारच्या शेतमालकाला आधी विचारावं लागतं. तो त्याच भावाने घेणार असेल तर पहिला हक्क त्याचा. तुझ्या बापाने खालची पट्टी घेतली ती अशीच घेतली होती."

"ताई, ती म्हातारी काय जमीन घेणार आहे? तिच्याकडे पायात घालायला धड बूट नाहीत." मग त्याने आवाज खाली केला. "तुला तेलाचे दोन डबे देतो. उगाच कशाला कुणाच्या डोक्यात काही घालायचं?"

मी डबे घेतले. ऑलिव्हचं तेल चांगलं होतं. अर्थात विकत आणलेलं.

डॉक्टर राहायला आले आणि आम्हाला खरं कसं जगायचं ते शिकवू लागले. पाव कसा भाजावा, चेस्टनटची साल कशी काढावी, कोंबड्यांना काय खायला घालावं. पाद्रीबुवांना घंटा कुठल्या सुरात हवी तेही सांगून झालं. उंटावरचा शहाणा म्हणतात तो असा. आणि आम्ही? आम्ही माना डोलवायचो. "हो डॉक्टर, खरंय डॉक्टर." पाठ वळली की मिशीत हसायचो. आमच्या गावाला पाठीचा कणा कधी नव्हताच.

उन्हाळ्यात त्यांनी बागेतली सहा जुनी झाडं उपटली आणि तिथे पोहण्याचा तलाव खोदला. परवानगी वगैरे कुणाला विचारली नाही. पाणी विहिरीतूनच. बागेभोवती तारेचं कुंपण आलं, आणि त्याला फाटक. मावशीने एकदाच विचारलं, "डॉक्टर, मी पाण्याला कुठून येऊ?"

"फाटक आहे ना आजीबाई. वाजवा आणि या."

ऑगस्टमध्ये लिस्बनहून त्यांचे मित्र आले, आठ-नऊ जण. जेवणाचं काम माझ्याकडे होतं. मी कॉड मासा आणि बटाटे घेऊन गेले होते, तेव्हाच मावशी फाटक वाजवून आत आली. एका हातात रिकामी बादली, दुसऱ्या हातात टोपली. नव्या शेजाऱ्याचे पाहुणे आलेत म्हणून तिने डझनभर अंडी आणली होती, एकेक कागदात गुंडाळून.

एका बाईने विचारलं, "या कोण?"

"ही?" डॉक्टर तलावाच्या काठावर पाय सोडून बसले होते. "ही जमिनीबरोबर फुकट मिळाली."

सगळे हसले. डॉक्टरांनी ओल्या हाताने खुर्चीवरच्या पँटमधून दोन युरोचं नाणं काढलं आणि तिच्या टोपलीत टाकलं. मावशीने नाणं उचलून तलावाच्या कडेला ठेवलं, अंडी माझ्याकडे दिली आणि बादली भरून निघून गेली.

मीही हसले होते. सगळे हसले म्हणून. त्या दिवसाचे पैसे मला मिळायचे होते.

सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी डॉक्टर कॅफेत आले. चार गिऱ्हाईकं बसली होती. मी त्यांच्यापुढे कॉफी ठेवली. त्यांनी एक घोट घेतला आणि कप बशीत उपडा केला.

"एर्मिनियाबाई, किती वर्षं हे विकताय?"

"एकतीस."

"एकतीस वर्षं लोकांना चिखल पाजताय आणि कुणी तक्रार केली नाही? कमाल आहे. उद्या माझ्याकडे या, कॉफी कशी करतात ते दाखवतो."

चारही गिऱ्हाईकं कपात बघत होती. त्यातला एक म्हणाला, "खरंय डॉक्टर." तो माझ्या नवऱ्याचा मावसभाऊ होता.

दुपारी दुकान बंद करून मी मावशीच्या घरी गेले. ती अंगणात कांद्याच्या वेण्या घालत होती. मी तिला सगळं सांगितलं. पत्राचं, हक्काचं, चार हजारांचं, अठरा हजारांचं. तिने वेणी संपवली, मग विचारलं, "चार हजार कागदावर आहेत?"

"हो."

"मग चारच द्यायचे ना?"

"वकील सांगेल. पण दावा लगेच टाकावा लागेल, आणि पैसे आधी कोर्टात भरावे लागतील."

ती आत गेली आणि बिस्किटांचा डबा घेऊन आली. त्यात तिने मेल्यावरच्या खर्चासाठी ठेवलेले पैसे होते. पेटी, पाद्री, दगड, सगळं. चार हजार तीनशे.

"मला पुरायला कुणी तरी खड्डा खणेलच," ती म्हणाली. "वास सुटेल ना."

दावा दीड वर्ष चालला. डॉक्टरांनी लिस्बनहून महागडा वकील आणला. तो आमच्या जिल्ह्याच्या गावी आला की रस्त्यातलं शेण चुकवत चालायचा. मावशीचा वकील तालुक्याचा, शर्टावर कायम सूपचा डाग असलेला. पण त्याला कायदा पाठ होता.

शेवटच्या तारखेला मी साक्षीला होते. कोर्टातली न्यायाधीश तरुण पोरगी होती, नाकात सर्दी. तिने डॉक्टरांना विचारलं, "बागेसाठी तुम्ही किती दिलेत?"

डॉक्टरांनी आल्बानोकडे पाहिलं. आल्बानो छताकडे पाहत होता. अठरा म्हणावं, तर शपथेवर लिहिलेला कागद खोटा, आणि दोघांच्याही मागे कर खातं. चार म्हणावं, तर मावशी चारच देणार. इतकी वर्षं दुसऱ्यांना सल्ला देणारा माणूस, आणि त्याला सल्ला द्यायला कुणी नव्हतं.

"जे लिहिलंय तेच," ते म्हणाले.

"मोठ्याने सांगा. नोंद व्हायची आहे."

"चार हजार."

तलावाचा खर्च त्यांनी मागितलाच नाही. विनापरवानगी खोदलेल्या तलावाचा खर्च कोर्टात कोण मागणार? चार महिन्यांनी निकाल लागला. बाग मावशीची, विहीर मावशीची, तलावही मावशीचा. डॉक्टरांकडे राहिलं दगडी घर. त्याच्या मागच्या दारातून पाऊल टाकलं की दुसऱ्याची जमीन.

ते तिच्याकडे गेले. हे मावशीने नाही, डॉक्टरांनीच मला सांगितलं, माझ्याच कॅफेत, माझीच कॉफी पीत. दहा हजार देतो म्हणाले, मग वीस. ती कोबी खुरपत होती, मान वर न करता "नको" म्हणाली.

"तिला पैशांची किंमत कळत नाही," ते म्हणाले. "तुम्हा लोकांना कशाचीच किंमत कळत नाही. उगाच नाही ही गावं मरत."

"अजून एक कॉफी देऊ?" मी विचारलं.

वसंत यायच्या आत ते लिस्बनला परत गेले. घरावर विक्रीची पाटी लागली. ती अजून आहे, उन्हाने तिच्यावरचा फोन नंबर पुसट झालाय. आल्बानो माझ्याशी बोलत नाही, आणि ते मला सोयीचंच आहे. मावशीने कुंपण काढलं. तलावात पावसाचं पाणी साठतं, त्यावर तिचा मळा भिजतो. दोन बदकंही आणून सोडली आहेत.

गाव आता सांगत फिरतं की आम्हाला पहिल्यापासून माहीत होता त्या माणसाचा भंपकपणा. त्यांतल्या प्रत्येकाला मी "खरंय डॉक्टर" म्हणताना ऐकलंय.

मला वाटत होतं, मावशी निदान माझे आभार मानेल. जमीन तिच्या नावावर झाली त्या आठवड्यात ती पीठ घ्यायला आली; कॅफेत मी थोडा किराणाही विकते. मी पैसे नको म्हटलं. तिने मोजून ठेवले.

"एर्मिनिया," ती म्हणाली, "सह्या झाल्या तेव्हाच तुला माहीत होतं ना?"

"हो मावशी."

"त्याने झाडं उपटली तेव्हाही माहीत होतं. अंडी आणली तेव्हाही."

मी गल्ल्यावर सांडलेलं पीठ फडक्याने पुसलं.

"त्याने तुझ्या कॉफीला नावं ठेवली तेव्हा आलीस." तिने पिठाची पिशवी काखोटीला मारली. "आणि कॉफी वाईटच असते तुझी."

ती गेली. दारातून मी तिला चढ चढताना पाहिलं. अर्ध्यावर ती दम खायला थांबली, पण तिने मागे वळून पाहिलं नाही. मी तिच्या मागे जाऊन पिशवी घेऊ शकले असते. कॅफेत तीन गिऱ्हाईकं होती. मी आत गेले आणि त्यांना काय हवं ते विचारलं.