पायरीचा विमा

आमच्या दुकानात शिरणाऱ्या प्रत्येक माणसाचं स्वागत एकोणीस वर्षं एकाच शब्दाने होत आलं. "या" नाही, "बसा" नाही. "पायरी!"

हा शब्द ओरडायचे माझे सासरे. दाराच्या आत, डाव्या हाताला, स्टुलावर बसून. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत, जेवणाची वेळ तेवढी सोडून. आवाज असा खणखणीत, की समोरच्या फुटपाथवरून जाणारा माणूससुद्धा पाय उचलून टाकायला लागायचा.

कारण दुकानाला एकच पायरी, आणि ती जराशी उंच. किराणा मालाच्या दुकानाला असली पायरी एक वेळ चालून जाईल. आमचं दुकान चष्म्यांचं. आमच्याकडे माणूस येतो तोच मुळी चष्मा फुटला म्हणून, हरवला म्हणून, नाहीतर आहे त्यातून दिसेनासं झालं म्हणून. म्हणजे ज्यांना पायरी दिसत नाही, अशीच माणसं निवडून निवडून त्या पायरीवर यायची. जाताना डोळ्यावर नवा चष्मा, त्यातून जमीन एकदम जवळ आल्यासारखी वाटते, की पुन्हा पंचाईत. येताना एक "पायरी!", जाताना एक "पायरी!"

ती बांधलीही सासऱ्यांनीच. ते गवंडी. हातातली थापी खाली ठेवण्याआधीचं शेवटचं काम म्हणून त्यांनी आमचं दुकान नीटनेटकं करून दिलं. रस्त्यावरचं पाणी आत येऊ नये म्हणून जमीन उचलून घेतली आणि दारात ही पायरी घातली. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं, "बाबा, उंच झाली का हो जरा?"

"पायरी बरोबर आहे, सूनबाई. माणसं पाय उचलायला आळशी झालीत," असं म्हणून ते स्टूल घेऊन दारात बसले ते बसलेच. मी तोंडाची फटकळ आहे, हे नातेवाइकांत सगळ्यांना माहीत आहे. पण पायरीच्या बाबतीत मी एकोणीस वर्षं गप्प बसले. माझ्या नावावर एवढा एकच संयम जमा आहे.

या वर्षी आम्ही डोळे तपासायचं नवं यंत्र घेतलं. साठवलेले सगळे पैसे त्यात गेले. तेव्हापासून नवऱ्याची झोप उडाली. तो मागच्या खोलीत काचा घासतो, गरीब माणूस आहे, पण काळजी करायला बसला की कोणाला ऐकत नाही. दुकान बंद करताना यंत्रावर स्वतःची शाल घालायचा. माझ्या आजारपणात त्याने माझ्यावर कधी इतक्या प्रेमाने पांघरूण घातलेलं मला आठवत नाही.

"विमा काढू या," तो म्हणाला. "चोरीचा."

"आगीचा," मी म्हटलं. "मागे तू किटली चालू ठेवून गेलास तेव्हा काय झालं होतं?"

"कसलाच नको," बाबा दारातून म्हणाले. "मी बसलोय ना इथे."

पैसे एकाच विम्याचे होते, त्यामुळे तीन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. शेवटी नवऱ्याने एका एजंटाला बोलावलं. चकचकीत बूट, कानाला फोन. बाबा "पायरी!" म्हणून ओरडले, पण फोनपुढे त्याला ऐकू येईल तर शपथ. तो थेट आमच्या फ्रेमच्या स्टँडपर्यंत आला, पायांवर नव्हे, हातांवर. कागद चारी दिशांना. मग उठून गुडघे झटकले, खुर्चीत बसला आणि छताकडे बघत म्हणाला, "तर मला सांगा, तुमच्या धंद्याला सगळ्यात मोठा धोका कशाचा आहे?"

मला हसू आवरेना. मी काउंटरखाली काहीतरी शोधत राहिले.

त्याच्याकडे एक जाडजूड पुस्तिका होती. तिच्यात आग होती, चोरी होती, बॉयलरचा स्फोट होता, जहाजावरचा माल बुडणं होतं, आणि दुभती जनावरंही होती.

"समुद्राचंही आहे!" नवऱ्याचे डोळे चमकले. "म्हणजे सगळंच आलं."

"आपल्याकडे बॉयलर कुठे आहे?" मी विचारलं.

"नसला तरी संरक्षण असलेलं बरं, ताई," एजंट म्हणाला. त्याला मी चहा न पाजता वाटेला लावलं. जातानाही तो अडखळलाच.

मग शेजारच्या वह्या-पेनांच्या दुकानदारिणीने आम्हाला तिच्या ओळखीच्या विमेवाल्या बाईंचा नंबर दिला. बाई चाळिशीच्या, साध्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. बाबा ओरडले तशा त्या दारातच थांबल्या, पायरीकडे बघितलं, चौकटीला हात धरून वर आल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं काका, सांगितलंत." बाबांनी लगेच त्यांना चांगल्या माणसांत जमा केलं.

"तुमचं काम चालू द्या," बाई मला म्हणाल्या. "मी जरा बाकावर बसते."

त्या चांगल्या दोन तास बसल्या. वहीत मधूनच एखादी रेघ ओढायच्या. मला वाटलं, हिला दुसरीकडे काही काम दिसत नाही. मग उठून काउंटरशी आल्या.

"काका दोन तासांत सव्वीस वेळा ओरडले. तरी चार जण अडखळले. त्यातल्या एकाला काकांनी दंडाला धरून सावरलं. चोरी किती वेळा झाली तुमच्याकडे?"

"एकदाही नाही," नवरा म्हणाला. सांगताना त्याला थोडं वाईटच वाटलं असावं.

"आग?"

"एकदा. किटली," मी त्याच्याकडे बघत म्हटलं.

"आणि पडले कितीजण?"

"कोणी नाही," बाबा म्हणाले. "मी धरतो."

"तुम्ही नसता त्या दिवशी?"

तिघांनाही एकच गोष्ट आठवली होती. गेल्या वर्षी बाबा दाढ काढायला गेले होते, आणि त्याच सकाळी शाळेतल्या मास्तरीणबाई चष्मा दुरुस्तीला आल्या. घोट्याला सहा आठवडे प्लॅस्टर. बाई भल्या, "माझंच लक्ष नव्हतं" म्हणाल्या. आम्ही दोनदा फळं घेऊन घरी जाऊन आलो आणि विषय मिटला असं समजलो. मी ते सगळं विमेवाल्या बाईंना सांगून टाकलं.

"त्यांनी भरपाई मागितली असती तर?" त्यांनी विचारलं. "हे बघा, यंत्र जळलं तर त्रास होईल, पण जुन्या यंत्रावर तुम्ही दुकान चालवाल. इथे एखाद्याचा खुबा मोडला आणि तो कोर्टात गेला, तर दुकानच जाईल. ज्यात दुकान जाईल, त्याचा विमा आधी. गिऱ्हाइकाला इथे इजा झाली तर तिचा खर्च त्यातून निघतो. तुमच्या पैशात त्याला जोडून आगीचाही बसेल, यंत्रासकट. चोरीचं पुढल्या वर्षी बघू, तोवर कुलूप चांगलं लावा."

"आणि समुद्राचं?" नवऱ्याने विचारलं.

"यंत्र समुद्रावर नेऊ नका."

इतकं सरळ मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी सही करायला पेनही उचललं. तेव्हा बाई म्हणाल्या, "एक अडचण आहे. कंपनीचा माणूस जागा बघायला येईल. ही पायरी बघून तो होकार देणार नाही. इथे ढाळ करून घ्या, कडेला कठडा लावा. पंधरा दिवस आहेत."

"म्हणजे पायरी घालवायची," बाबा म्हणाले.

"हो, काका."

"मग मी काय ओरडू?"

बाईंना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. "ओरडायची गरजच राहणार नाही!" त्या हसून म्हणाल्या. "आता मस्त आराम करा."

बाबा उठले. स्टूल उचलून त्यांनी काउंटरखाली सरकवलं, अगदी भिंतीपर्यंत. "मग उद्यापासून मी घरीच बसतो," म्हणाले आणि चपला घालून निघाले. पायरी उतरताना त्यांनी खाली बघितलंही नाही. त्यांना गरज नव्हती.

त्या स्टुलावरून बाबा नुसते ओरडायचे नाहीत. कोणाच्या मुलाची परीक्षा कशी गेली, कोणाचं भाडेकरूशी फाटलं, कोणाची नात बोलायला लागली का, सगळ्याची चौकशी तिथूनच व्हायची. निम्मी गिऱ्हाइकं स्क्रू घट्ट करायचं निमित्त काढून त्यांच्याशी गप्पा मारायलाच यायची. आणि घरी काय होतं? एक घड्याळ आणि एक खिडकी. सासूबाई गेल्यावर त्या घरात दिवसभर बसणं त्यांच्या जिवावर यायचं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना फोन केला. "माझ्या सासऱ्यांना घरी बसवणारा विमा मला नको."

"तुमचं मला कळतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण त्या मास्तरीणबाईंचाही विचार कोणीतरी करायला हवा ना."

मी फोन ठेवून दिला. दुसऱ्याचं बरोबर असलं की मला फार राग येतो.

ते दोन दिवस आम्हीच ओरडलो. माझा आवाज रागावल्यासारखा यायचा, दोघीजणी तर दारातूनच परत गेल्या. नवरा मागच्या खोलीतून ओरडायचा, तोवर माणूस आत येऊन आदळलेला असायचा. जो तो विचारायचा, "बाबा कुठे आहेत? बरे आहेत ना?" मी "घरी आहेत" म्हणायचे आणि चष्मा पुसत राहायचे. पुसण्यासारखं त्यावर काही नसायचं.

तिसऱ्या सकाळी आम्ही दुकानाशी पोचलो, तर दारात सिमेंटची गोणी. वाळूचा ढीग. आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे माझे सासरे गुडघ्यांवर बसून दोरी ताणत होते. बाजूला थापी, ओळंबा, पाण्याची बाटली.

"बाबा, हे काय?"

त्यांनी वर बघितलं नाही. पायरीवर हात उभा धरला. "दोन बोटं जास्त आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"शेवटचं काम चुकलं, हे कोणाला सांगणार?" ते दोरीला गाठ मारत म्हणाले. "म्हटलं, बसून राहू, कोणाला पडू द्यायचं नाही. एक दिवस नव्हतो, तर ती मास्तरीण पडली. गेले दोन दिवस घरी बसून तिचाच पाय दिसतोय मला." मग एकदम चिडून म्हणाले, "उभे काय राहिलात दोघं? माल कालवायला घ्या!"

नवऱ्याने माल कालवला. बाबांनी तो तीनदा फेकून द्यायला लावला. "चष्म्याची काच नाही ही, असं कुरवाळू नकोस!" मी पाणी ओतलं, तर ते जास्त झालं. ओतायचं थांबले, तर कमी पडलं. शेजारीण गंमत बघायला आली आणि तिला विटा उचलाव्या लागल्या. दोन दिवस दुकान बंद, आणि दोन दिवस बाबांच्या शिव्या खाऊन आम्ही सगळे इतके खूश, की विचारू नका. ते माप घ्यायचे, थापी फिरवायचे, मान तिरकी करून बघायचे आणि पुन्हा फिरवायचे. ढाळ असा उतरला, की बघत राहावं.

कंपनीचा माणूस आला, ढाळावरून चार वेळा वर-खाली चालला आणि सही करून गेला. पुढच्या आठवड्यात विमेवाल्या बाई कागद घेऊन आल्या. त्या दिवशी बाबांना मी मुद्दाम दुकानात घेऊन आले आणि काउंटरखालचं स्टूल ओढून पुन्हा दारात ठेवलं.

"आता कशाला?" ते कडेला उभे राहून म्हणाले.

"ती जागा रिकामी बरी दिसत नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात मास्तरीणबाई आल्या. आमचं जुनं गिऱ्हाईक. दाराशी आल्या, जरा थांबल्या, आणि सवयीने पाय चांगला वीतभर उचलून पुढे टाकला. पायरी असती तर बरोबर तिच्यावर पडला असता. पायरी नव्हती. पाय धप्पकन खाली आला आणि बाईंनी कठडा गच्च पकडला.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "पायरी कुठे गेली?"

त्यांच्या मागून निवृत्त पोस्टमन आले. त्यांचंही तेच. मी हसत हसत त्यांना सावरायला बाहेर गेले, परत आत येताना मीही पाय हवेत टाकला आणि माझे दात दातांवर आपटले. नवऱ्याचं तर काही विचारू नका. विमेवाल्या बाई हातात कागद धरून हसत होत्या, हसता हसता त्यांना बाकावर बसावं लागलं.

बाबा एकेकाकडे बघत होते. मग त्यांनी स्टूल दाराकडे चार बोटं सरकवलं, त्यावर बसले, मांड्यांवर हात ठेवले आणि घसा साफ केला. बाहेर छत्री घेतलेले एक गृहस्थ येत होते.

"पायरी नाही!"

गृहस्थ दचकले, खाली बघितलं, आणि सरळ चालत आत आले.

"काका," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "लोकांची सवय जाईपर्यंत तुम्हाला बसावंच लागेल हं."

"एकोणीस वर्षांची सवय आहे," बाबा दारावरची नजर न हलवता म्हणाले. "जायला तेवढी लागतीलच."

मी मनातल्या मनात चौऱ्याहत्तरात एकोणीस मिळवले. ऐटीत बसलेल्या त्या माणसाकडे बघून मला ती बेरीज फार आवडली.

"लागू देत," मी म्हटलं आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.