पहिल्या बोअरचं पाणी

सिद्धेश्वरीचं संशोधन बुडालं ते टेंभुर्णीजवळच्या पुलाच्या कामावर, आणि तेही घरच्याच मशीनवर. पायाखालचा खडक तपासायला तिचे वडील पंचाक्षरी तिथे भोकं पाडत होते. ड्रिलचं बिट, म्हणजे खडक कापणारं टोक, थंड ठेवणाऱ्या पाण्यात तिने सिलिकाचे अतिसूक्ष्म कण घातले होते. हे कण एकमेकांना दूर ढकलत सुटे राहिले, तर लोखंडाची झीज कमी होते. पण पाण्यात मीठ आलं की ते ढकलणं संपतं, आपसातली ओढ जिंकते, कणांच्या गाठी होतात आणि त्या गाठी कानशीसारखं लोखंड खातात. म्हणून तर शुद्ध पाण्याचे कॅन तिने सोलापुरातून स्वतः नेले होते.

तरी दुपारपर्यंत पंप आतून खरवडून निघाला आणि बिट पार झिजलं.

"अप्पा, टाकीत काही घातलंत का?"

"न्हाय की. मी कशाला घालू?"

नमुना घ्यायला ती वळली, तर टाकी लख्ख धुतलेली. लेकीची फजिती चार माणसांनी बघू नये म्हणून पंचाक्षरींनीच धुतली होती! महिन्याभरात तिच्या मार्गदर्शक सरांनी विषय गुंडाळला. घरच्या मशीनवर प्रयोग केले की असंच व्हायचं, असं चारचौघांत हसून म्हणालेही. ती शिकवणीवर्गात अकरावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवू लागली. नोकरीचं तिला एवढं वाटत नव्हतं. स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडाला, ते मात्र फार सलायचं.

वर्षभराने एका रविवारी ती अप्पांबरोबर जेऊरच्या कामावर गेली. नवं भोक सुरू व्हायचं होतं. पंचाक्षरींनी चपला काढल्या, नारळ फोडला आणि गाडीतली कळशी आणून टाकीत ओतली.

"हे काय, अप्पा?"

"गंगा गं. अक्कलकोटकडं माझा पयला बोअर लागला, तितलं पाणी. तेच्याबिगर मशीन चालू करत न्हाय मी."

कळशीच्या तळाचं पाणी तिने बोटाने जिभेला लावलं. तोंड वाकडं व्हावं इतकं खारट.

"टेंभुर्णीलाही घातलं होतंत?"

"व्हय की! तितं तर दोन कळश्या. लेकीचं काम, एका कळशीनं कसं भागंल?"

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"गंगा म्हंजे काय घालणं असतंय व्हय?" ते हसले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हळूच म्हणाले, "का गं, कमी पडलं का?"

कळशी दगडावर आपटावी, असं तिला वाटलं. तिने ती गाडीत नीट ठेवली.

"नाही, अप्पा. पुरलं."