क्योतोच्या गल्लीतला उलटा झाडू

मित्रांनो, माझे तंतू झिजून निम्मे उरले आहेत. तेव्हा मी एक जुना झाडू आहे, हे वेगळे सांगायला नको. माडासारख्या एका झाडाच्या सालीतून माझे तंतू काढले आणि तांब्याच्या तारेने आवळून बांबूच्या दांड्याला बांधले. मग मी क्योतोतल्या सुमिएबाईंच्या दोन खोल्यांच्या अतिथीगृहात आलो. आधी चटयांच्या खोल्या झाडल्या. टोके झिजली तेव्हा लाकडी जिना वाट्याला आला आणि आता दारापुढचा रस्ता. ही बढतीच आहे, असे मी स्वतःला समजावतो.

आमच्या गल्लीत सकाळी जो तो आपले दार झाडतो, पाणी शिंपडतो आणि शेजाऱ्याच्या हद्दीत वीतभर पुढे जातो. तेवढेही न जाणारा माणूस चिक्कू ठरतो. जास्त गेले तर शेजाऱ्यावर उपकार चढतात आणि ते फेडणे त्याच्या नशिबी येते. म्हणून सुमिएबाई वीतभर जाऊन थांबत. पलीकडे तात्सुनो आजींचे दार होते. शरद ऋतूपासून तिथे पाने साचून कुजत होती. रोज माझी टोके त्या ढिगाला लागत आणि मागे फिरत.

हिवाळा सरता सरता दूर उत्तरेकडच्या हाकोदाते शहरातून कानाए नावाची मुलगी दोन रात्रींसाठी आली. मासळीच्या कारखान्यात ती कामाला होती आणि ही तिची पहिलीच एकटीची सहल होती.

"देवळं तर बघेनच," ती म्हणाली, "पण मला इथल्या माणसांसारखं राहून बघायचंय."

दुसऱ्या दिवशी सुमिएबाईंच्या आधी उठून तिने मला उचलले. वीतभर कसले, तिने थेट आजींच्या उंबऱ्यापर्यंत लखलखीत झाडून काढले.

दार सरकले. आजी म्हणाल्या, "अगंबाई, किती छान झाडलंस! माझ्या दारात एवढा कचरा होता, मला म्हातारीला दिसलाच नाही बघ. ये हो कधीतरी चहाला."

"येते की आजी, दुपारीच येते!"

खिडकीतून ऐकणाऱ्या सुमिएबाईंना घाम फुटला. आमच्याकडे असले कौतुक म्हणजे चपराक असते आणि असले आमंत्रण हसून सोडून द्यायचे असते. कानाए देवळे बघायला गेली, तशा त्या पुटपुटल्या, "ही आणखी एक रात्र राहिली तर गल्लीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

पाहुण्याला तोंडाने 'जा' म्हणणे आमच्या रीतीत बसत नाही. ते काम माझे: दारात उलटा झाडू दिसला की पाहुण्याने ओळखून निघायचे असते. त्यांनी मला दारातच उलटा उभा केला आणि माझ्या तंतूंवर टॉवेल टाकला. त्या टॉवेलखाली मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दुपार कलली तेव्हा कानाए परत आली. ती खरोखरच चहाला जाऊन आली होती आणि तिच्या दंडाला धरून तात्सुनो आजीही आल्या होत्या. आजींची नजर माझ्यावर पडली. त्या याच गल्लीतल्या. त्यांना काय समजावायचे?

"सुमिए, तुझा झाडू आज फार दमलेला दिसतोय."

"उलटाच ठेवायचा असतो ना, आजी?" कानाए निरागसपणे म्हणाली. "तंतू वाकत नाहीत. माझी आईपण असाच ठेवते."

"हो बाळा. आमची सुमिए वस्तूंची फार काळजी घेते."

सुमिएबाईंचे कान लाल झाले. आजी पायरीवर टेकल्या.

"माझे गुडघे गेलेत गं. शरदापासून वाकता येत नाही. आज ही पोर चहाला आली, म्हणून बोलले."

"मग मला सांगायचंत ना, आजी!"

"तू कुठे विचारलंस? वीतभर यायचीस आणि परत जायचीस. अगदी नेमाने."

सुमिएबाईंनी टॉवेल काढला, मला सरळ केले आणि त्या रात्रीसाठी कानाएचे अंथरूण घालायला वर गेल्या.

तिसऱ्या दिवशी कानाए दोघींना वाकून नमस्कार करून गेली. सुमिएबाई मला घेऊन हद्दीवर आल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "आजी, पुढे येऊ का?"

"अर्ध्यापर्यंतच ये," आतून आवाज आला. "उरलेलं मी बसून झाडेन."

झाडून होईपर्यंत सुमिएबाईंनी मान वर केली नाही. त्यांच्या हातात मीही खाली मान घालूनच होतो.

मित्रांनो, झिजल्याची मला लाज नाही. झाडू झिजायचाच. लाज वाटते ती त्या पानांची. ढीग वाढतो आहे हे सगळ्यांत आधी मला कळत होते. पण मला वाचा नाही, म्हणून हात वळला की मीही वळत गेलो. तुम्हाला वाचा आहे. शेजारच्या दारात केर साचलेला दिसला, तर झाडू उचलण्याआधी ते दार वाजवा आणि आतल्या माणसाला विचारा, कसे आहात.