बाशिंगीला शिव्या लागतात

आमच्या आयनं मला सकाळच्या पारी नावानं हाक मारलेली मला तरी आठवत न्हाय. शहाजी हे नाव माज्या आधार कार्डावर हाय, आणि आयच्या तोंडात दुपारच्या भाकरीनंतर. त्याच्या आधी मी मुडद्या, खापरतोंड्या, बाराबोड्या. लईच लाडात आली तर "तुजी माती झाली तुजी!"

आता तिची बी चूक न्हाय. ती गाईखाली धारंला बसली की माजे हात गप ऱ्हायचेच न्हाईत. तिच्या मिसरीच्या डबीत चहापत्ती भरायची. चरवीत बेडकी सोडायची. पदराचं टोक हळूच खुंट्याला बांधायचं. आणि मग पळत जाऊन कडब्याच्या गंजीमागं दडायचं. मी चड्डीत हुतो तवापासनं हे चालू, आणि कालिजात जाणाऱ्या पोरीचा बाप झालो तरी चालूच. आय दोनी हातानं सड पिळायची आणि तोंडानं मला पिळायची. एक शिवी, एक धार. शिवी लांबली की धार लांबायची.

होळी झाली की तर लई मजा. ज्वारी निघालेली असायची. नवा कडबा गाडीनं वस्तीवर यायचा, मी गंजीवर उभा, खालनं आय पेंढ्या फेकायची. वर आलेली पेंढी मी मुद्दाम सोडायचो, ती बरूबर तिच्या डोस्क्यावर. गंज दर साली नवी, पर जागा तीच, गोठ्याच्या म्होरं. सकाळी कडब्याचा गोडसर वास सुटायचा, लिंबाचा मोहर झडून चरवीत पडायचा, आय तो बोटानं काढायची आणि त्याच बोटानं मला दम द्यायची.

आय गेल्या मार्गशीर्षात गेली. झोपेतच. मला वाटलं, ही आता मला फसवायला निघाली. लई येळ मी तिला हलवत बसलो हुतो.

त्या येळंला बाशिंगी गाभण हुती, आटलेली. बाशिंगी म्हंजे आयची गाय. तांबडी, आणि कपाळावर पांढरा पट्टा, नवरदेवानं बाशिंग बांधल्यागत. बाकीच्या गाई माजी बायकू केरा पिळायची, पर बाशिंगी आयबिगर कुणाला कासंला हात लावू द्यायची न्हाय.

पाडव्याच्या आधल्या आठवड्यात ती व्याली. दिस उगवता उगवता. कालवड झाली, कपाळाला तसाच पट्टा. बाशिंगीनं चाटून चाटून लख्ख केली. पर कालवड उठंना. पुढचे पाय दुमडायचे आणि तोंडावर पडायची. आमी उचलून सडाला लावली तर तोंडात वडायचं बळ न्हाय.

आमच्या पोरीनं, अंकितानं, डाक्टरला फोन लावला. ते अक्कलकोटला दुसऱ्या गाईत गुतलेले. म्हणाले, "येतो, पण वेळ लागेल. तोवर आईचा चीक काढून बाटलीनं पाजा. चीक पोटात गेला नाही तर मी येऊन काही उपयोग नाही."

पयल्या दुधाला चीक म्हंत्यात. तो बाशिंगीच्या कासंत हुता, कास तट्ट फुगलेली, आणि बाशिंगी कुणाला धारंला बसू दीना. केरा बसली, लाथ. मी बसलो, लाथ. मी दोरी आणली, मागचे पाय बांधावं म्हणून, तर शेजारच्या रानातला चन्नवीर कानडीत नको नको वरडत आला.

"बेड, बेड! बांदू नका, भिऊन दूद वर वडंल ती. म्हातारीचं लुगडं हाय का घरात?"

"हाय की. पेटीत."

"मग नेसा की कोणतरी."

असल्या कामाला मला दोनदा सांगावं लागत न्हाय. केरा उठायच्या आत मी आत जाऊन आयचं हिरवं लुगडं गुंडाळून आलो, डोस्क्यावरनं पदर घिऊन. चन्नवीर हसत हसत गव्हाणीत बसला. अंकिता म्हणाली, "आप्पा, मिशी तरी झाका."

बाशिंगीनं पदर हुंगला. लांब श्वास घेतला. त्या लुगड्याला अजून मिसरीचा आणि चुलीचा वास हुता, मलाबी आला. ती गप उभी ऱ्हायली. मी खाली बसलो, सड धरला. काय न्हाय. कोरडा. थोडा येळ वाट बघून तिनं मान वळवली, मला बघितलं, आणि चरवी अशी उडवली की चन्नवीरच्या मांडीवर जाऊन पडली.

"वास बरूबर हाय," मी म्हणलं. "कायतरी कमी पडतंय."

अंकिता कालवडीचं डोस्कं मांडीवर घिऊन बसलेली. म्हणाली, "आज्जी अशी गप कुठं बसायची आप्पा? तिचं तोंड चालूच असायचं. तुमचा उद्धार केल्याशिवाय तिनं कधी धार काढलीय का?"

आमी सगळे केराकडं बघाय लागलो.

"ह्या!" केरा म्हणाली. "नवऱ्याला शिव्या देऊ व्हय मी? चन्नवीर भावजींच्या म्होरं?"

"मी तिकडं तोंड करतो," चन्नवीर म्हणाला.

"आई, ती बघ, डोळे मिटायलीय ती," अंकिता म्हणाली. कालवडीची मान खरंच लोंबकळत हुती. केरानं लुगडं माज्या अंगावरनं वडून आपल्या खांद्यावर टाकलं आणि चरवी घिऊन बसली. खाकरली.

"अवो मेल्या," ती म्हणाली.

"अवो काडून टाक की!" मी म्हणलं.

"मेल्या... तुमचं वाटुळं झालं तुमचं... जेवलासा का न्हाई अजून..."

बाशिंगीनं शेपूट तिच्या तोंडावर मारलं.

मला कळलं, असल्या शिवीला आमची शेरडीबी फसायची न्हाय. आयची शिवी बेंबीच्या देठापासनं यायची, कारण तिच्या डबीत चहापत्ती खरी असायची. केराला खरंच चिडवाय पायजे हुतं, आणि येळ न्हवता.

अंगणात बाजंवर केराच्या कुरडया वाळत हुत्या. तीन दिस गहू भिजवून, पाणी बदलून, वाटून, चीक शिजवून, सोऱ्यानं हात मोडून घातलेल्या. पांढऱ्याफेक, चांदण्या पसरल्यागत. तिनं माज्या बहिणीलासुद्धा त्यातली एक चाखू दिली न्हवती. मी दोनी हातानं वंजळ भरली, गोठ्यात आलो आणि केराच्या डोळ्याम्होरं बाशिंगीच्या गव्हाणीत टाकली. बाशिंगीनं लगीच तोंड घातलं. कुर्रम कुर्रम.

मी आणिक एक वंजळ आणायला वळलो.

"मुडद्या!" पाठीमागनं आलं. "खापरतोंड्या! बाराबोड्याच्या! हात झडले तुजे, तुजी माती झाली, माज्या कुरडया जनावराला घालतुस व्हय रं, तुज्या तोंडात किडं पडलं..."

मी पळालो. गंजीमागं जाऊन दडलो. पाय आपोआप तिकडंच गेले. आणि तितं उभा ऱ्हाऊन ऐकत बसलो. शब्द आयचे. वरचा सूरबी आयचा. सासूचं ऐकून ऐकून केराच्या अंगात सगळं मुरलेलं, फक्त बाहीर पडायला कुरडया लागल्या. डोळं मिटलं तर गोठ्यात कोण बसलंय ते सांगता आलं नसतं. मी मिटलेच.

मग शिव्यांच्या मधनं तो आवाज आला. चुर्र. चुर्र.

"आप्पा! सोडला, सोडला!" अंकिता वरडली.

पिवळाधमक चीक, घट्ट. बाशिंगी मान खाली घालून कुरडया खाती, केरा एक शिवी एक धार चाललीय, चन्नवीर तिकडं तोंड करून खांदं हलवतोय. अंकितानं बाटलीनं पाजला. आधी गालावरनं वघळला, मग कालवडीचा गळा हलला, मग तिनं बाटलीचं तोंड असं धरलं की सोडंना. डाक्टर आले तवा ती चार पायावर उभी हुती. वाकडी, पर उभी.

"काय दिलं?" डाक्टरनी इचारलं.

"शिव्या," चन्नवीर म्हणाला.

केरा दिसभर माज्यासंगं बोलली न्हाय. सांजच्याला मात्र वाटी घिऊन आली. उरलेल्या चिकाचा खरवस, वर येलदोडा.

"घ्या," म्हणाली. "राग गेला माजा."

मला बरं वाटलं. आयबी असंच करायची, सकाळी माती करायची आणि सांजच्याला खरवस द्यायची. मी गोठ्याच्या दारात बसून मोठा घास घेतला.

मीठ. गुळाच्या जागी मूठभर मीठ!

"तुजी माती झाली तुजी!" मी थुकत उठलो. "खापरतोंडे! मुडदा बशिवला तुजा..." वळून बघतो तर बाई गायब. आणि आत बाशिंगी माज्याकडं मान वळवून उभी, चारी सडातनं दूद टपटप गळतंय.

"बसा आता तुमीच!" कुटनंतरी केराचा आवाज आला. "रोज घसा फोडायला माज्यात दम न्हाई. चरवी दारामागं हाय."

बसलो. तिच्याखाली मी आयच्या जागेवर पयल्यांदाच असा निवांत बसलो. चरवी गुडघ्यात धरली आणि गाईच्या पोटाखालनं सहज म्होरं बघितलं.

वाळवी लागू नये म्हणून आमी गंज दगडावर रचतो. खाली हातभर मोकळं ऱ्हातं. उभ्या माणसाला ते कळत न्हाय. पर बसलेल्याला पलीकडचं सगळं दिसतं. तितं केराची पावलं दिसत हुती, जोडव्यासकट. हसून हसून टाचा वर खाली हुत हुत्या.

म्हंजे आयला रोज माजे पाय दिसत हुते. चड्डीतले, मग पायजम्यातले, मग भेगा पडलेले. आणि मी समजत हुतो, तिला पत्ता न्हाय.

बाशिंगीनं पाय आपटला. थांबली हुती ती. मी त्या पावलांकडं बघत आयची सगळ्यात लांब शिवी काढली, एका दमात, मधी कुटं न थांबता. धारबी तेवढीच लांब आली.