दोन माणसांची खरवड

त्या समुद्राकाठच्या गावात नळाचं पाणी फार जड. साबण झिजून चकती व्हायचा, पण फेस येईल तर शपथ. वाळलेला टॉवेल कोपऱ्यात ठेवला तर शिक्षा झालेल्या पोरासारखा ताठ उभा राहायचा. काचेच्या पेल्यांना मोतीबिंदू झालेला. नव्या सुनेचे केस सहा महिन्यांत काथ्यासारखे झाले की सासू म्हणायची, "आता दिसतेस खरी आमच्या घरची."

या पाण्याला शिव्या न देणारा माणूस एकच, गिझर दुरुस्त करणारा. तापलेल्या कॉइलवर पाण्यातला क्षार थरावर थर धरतो, तो वर्षातून एकदा खरवडून काढावा लागतो. म्हणून सगळे त्याला खरवडभाऊ म्हणत. बावीस वर्षांत त्याला एक विद्या साधली होती. निघालेली खपली मोडायची, तिची कड उजेडात धरायची, की घर वाचता यायचं. इथं पाहुणे येऊन राहिले, थर जाड. इथं घर बंद होतं, थरच नाही. एकदा एका गृहस्थांना तो सहज बोलून गेला, "उन्हाळ्यात वहिनी माहेरी होत्या ना? तरी आंघोळी दोघांच्याच चालू होत्या की!" वहिनी दारामागेच उभ्या होत्या. तेव्हापासून विचारल्याशिवाय तो तोंड उघडत नसे. विचारलंच, तर खोटं सांगत नसे. म्हणून लोक त्याला सहसा विचारत नसत.

टपालबाईंनी मात्र त्याला विचारायलाच बोलावलं होतं.

बाई टपाल कचेरीच्या खिडकीत पस्तीस वर्षं बसून निवृत्त झालेल्या. घरात एकट्या. दार उघडलं ते त्यांच्या भाच्यानं. मोठ्या शहरातून आलेला, गोड बोलणारा; बोलता बोलता भिंतींची लांबी पावलांनी मोजत होता.

"भाऊ, आत्याचं म्हणणं असं," तो म्हणाला, "की रोज सकाळी तिच्या आधी कुणीतरी आंघोळ करून जातं."

"माझं म्हणणं नाही, फरशी ओली असते," बाई आतून म्हणाल्या. "आणि आरशावर पाण्याचे पांढरे ठिपके सुकलेले असतात. माझ्या डोक्याच्याही वर. मी काय उड्या मारून आंघोळ करते?"

"वय झालं की होतं असं."

"वय माझं झालंय. फरशीचं नाही."

दोघांत करार झाला होता. कॉइलवर एकाच माणसाचा थर निघाला, तर बाईंनी घर बंद करून आजच भाच्याबरोबर जायचं. दोघांचा निघाला, तर भाच्यानं पुन्हा हा विषय काढायचा नाही.

"दुसरं माणूस कोण म्हणता तुम्ही?" खरवडभाऊनं मुख्य नळ बंद करत विचारलं.

"धाकटी. आणखी कोण?"

धाकटी बहीण गावाला माहीत होती. बाईंपेक्षा हातभर उंच. आठ वर्षांपूर्वी सकाळी पोहायला गेली. वाळूवर घडी घातलेले कपडे सापडले, ती सापडली नाही.

"घाबरत नाही हो मी," बाई म्हणाल्या. "ती आली असेल तर तिला एकटीला टाकून कशी जाऊ? तीस वर्षं एका घरात राहिलो. फक्त हल्ली या मेल्या पाण्याला काय झालंय कळत नाही. डोक्यावरून तांब्ये घेते, पण अंग भिजल्यासारखंच वाटत नाही."

भाच्यानं डोळा बारीक करून भाऊकडे पाहिलं. त्या नजरेत सबंध वाक्य होतं: कळलं ना, काय सांगायचं ते?

भाऊनं टाकी रिकामी केली, बोल्ट सोडले, कॉइल बाहेर ओढली. गेल्या वर्षी त्यानंच ती घासून लख्ख केली होती. आता मनगटाएवढी जाड झाली होती. न मोडताच त्याला समजलं. एकट्या माणसाचं हे काम नव्हे.

त्यानं खपली मोडून खिडकीशी धरली. पांढरा थर, राखी थर. पुन्हा पांढरा, पुन्हा राखी. पांढरा ओळखीचा, नळाच्या पाण्याचा. राखी त्यानं बावीस वर्षांत कुठल्याच घरी पाहिला नव्हता. सवयीनं त्यानं जिभेचं टोक लावलं. क्षाराला चव नसते, खडू चाटल्यासारखं लागतं. हे खारट होतं. समुद्रासारखं खारट. आणि मीठ तर पाण्यात विरघळतं. पाण्यानं भरलेल्या टाकीत ते थर धरून बसेलच कसं?

म्हणजे बाई खऱ्या. आता बाहेर जाऊन "दोन" म्हणायचं, की झालं. पण वाचायला घेतलं की शेवटपर्यंत वाचायचं, अशी त्याची खोड. त्यानं कडेवरून नख बाहेरच्या बाजूला सरकवलं. अर्ध्यानंतर पांढरा थर बारीक होत गेला. सुतासारखा झाला. मग केसासारखा. सगळ्यात वरच्या, म्हणजे गेल्या दोन महिन्यांच्या भागात पांढरं काहीच नव्हतं. नुसतं राखी.

त्यानं वळून पाहिलं. बाई दारात उभ्या होत्या. आंघोळ करून तासही झाला नसेल, आणि केस मात्र कोरडे, भुरभुरणारे.

"बोला भाऊ," भाचा म्हणाला. "एक की दोन?"

"आता... एकच आहे."

"ऐकलंस आत्या?"

बाईंनी भाच्याकडे पाहिलंही नाही. "कुणाचा?" त्यांनी भाऊला विचारलं.

धाकटीचा, असं खरं सांगितलं तर बाई इथंच राहणार. अजून दोन महिने, चार महिने. मग बाईंचं वाचण्यासारखं काय उरेल? खोटं सांगितलं तर त्या वेड्या ठरणार, पण या घरातून जाणार.

"तुमचाच, बाई," खरवडभाऊ म्हणाला.

पस्तीस वर्षं खिडकीतून माणसांचे चेहरे पाहिलेल्या बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग खांदे एकदम उतरले.

"म्हणजे आलीच नव्हती ती," त्या म्हणाल्या. "मी उगीच थांबले. चल रे, बॅग घे."

अर्ध्या तासात भाच्यानं सामान गाडीत टाकलं. "भाऊ, तो गिझर राहू दे तसाच उघडा," तो खालून ओरडला. "मेन स्विच बंद करा, दार ओढून घ्या!"

"हो," भाऊ म्हणाला. गाडी गेली.

तो कॉइल मांडीवर घेऊन बसून राहिला. जिभेवरची चव जात नव्हती. दोनदा चूळ भरली, तरी नाही. एका बाईला वेडी ठरवलं, दुसरीला तर मोजलंच नाही. माणसानं खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. त्यानं नुसतं चाटलं होतं, पण मीठ ते मीठच.

त्यानं कॉइल घासून लख्ख केली, पुन्हा बसवली, बोल्ट आवळले. मुख्य नळ सोडला. टाकी भरेपर्यंत थांबला. मग गिझरचं बटण दाबलं, आणि कुणी आत असल्यासारखं न्हाणीघराचं दार हलकेच लोटून घेतलं.